साळवेबाई आणि सुईची निवडणूक

साळवेबाई चहा ओतण्याआधी कप उलटा करून दाखवत. घरी पाहुणा आलेला असो, शेजारी असो की गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, बाई कप हातात घेत, समोरच्याच्या डोळ्यांपुढे उलटा धरत, आतून एकदा बोट फिरवत आणि विचारत, "रिकामाय ना? बघितलं ना सगळ्यांनी?" समोरचा "हो" म्हणेपर्यंत चहा कपात पडत नसे. नवा माणूस बावचळून जाई. त्याला वाटे, या घरात पूर्वी कपावरून काहीतरी भानगड झालेली असावी.

भानगड काहीच नव्हती. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होत्या, आणि त्या चौतीस वर्षांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत त्यांची ड्यूटी चुकलेली एकही निवडणूक नव्हती. मतदान सुरू होण्याआधी पेटी उलटी करून सगळ्यांना रिकामी दाखवायची, हा तेव्हाचा नियम. पुढे पेट्या गेल्या, यंत्रं आली, बाई निवृत्तही झाल्या, पण हाताला लागलेलं वळण गेलं नाही.

मी फर्दापूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत नवा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या तिथं मुख्याध्यापिका होत्या. मी हजर झाल्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घड्याळात बघून त्यावर वेळ टाकली आणि म्हणाल्या, "शिंदे, दोनच गोष्टी. पोरांना मारायचं नाय. आणि काही हरकत असंल तर लेखी द्यायची. तोंडी ऐकायला मला वेळ नाय."

पहिल्याच वर्षी त्यांच्या हाताखाली मी मतदान अधिकारी क्रमांक एक म्हणून गेलो. केंद्र अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीत होतं. अकरा वाजता खिडकीतून एक वानर आत आलं, टेबलावरची शाईची बाटली उचलून बाहेरच्या कडुलिंबावर जाऊन बसलं. रांगेत गलका झाला. पोलीस काठी घेऊन झाडाखाली गेला आणि वानराला समजावू लागला. बाईंनी जागा सोडली नाही. राखीव बाटली काढून माझ्याकडे सरकवली आणि केंद्राध्यक्षाची डायरी उघडली. ती नोंद मला अजून पाठ आहे: 'एक वानर विनापरवानगी केंद्रात आले. त्याचे नाव यादीत नव्हते. त्याने शाई नेली. मतदान केले नाही.' नंतर वरच्या साहेबांनी विचारलं, बाई, हे लिहायची काय गरज होती? बाई म्हणाल्या, "उद्या कोणी म्हणलं, वानरानं मत टाकलं, तर मी काय दाखवू?" साहेबांनी डायरीवर सही केली.

पुढे माझी बदली संभाजीनगरला झाली. क्रांती चौकापासून चालत पंधरा मिनिटांवर आठ फ्लॅटची एक तीन मजली इमारत आहे. निवृत्तीनंतर बाई तिथं पहिल्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. वरचा फ्लॅट रिकामा झाल्याचं त्यांनीच मला कळवलं आणि मी त्यांच्या डोक्यावर राहायला आलो. बाईंचे यजमान, ज्यांना सगळी इमारत अण्णा म्हणत असे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आडदांड माणूस. बसचं इंजिन एकट्यानं उतरवत, असं ते स्वतः सांगत. पण सुईचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. रक्त तपासायला नेलं, की ते चिठ्ठी खिडकीत देऊन बाहेर रिक्षा स्टँडवर जाऊन उभे राहत. बाईंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राबियाआपा होत्या. गुलमंडीत त्यांच्या घरच्यांचं कापडाचं दुकान होतं. बाईंशी बोलताना त्या मराठीतून सुरू होत आणि जीव ओतून काही सांगायचं असलं की दखनीत शिरत.

बाईंचं दुखणं सुरू झालं ते हातांपासून. सकाळी उठलं की बोटं मिटत नसत, मिटली तर उघडत नसत. दहा वाजेपर्यंत गॅसचा लायटर दाबता येत नसे. बाईंनी हे वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते मीटरच्या पेटीजवळ लावलेल्या एका कागदावरून. पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना होती आणि खाली बाईंची सही. ती सही मी चौदा वर्षं हजेरीपटावर बघत आलो होतो. कागदावर जे होतं ते एखाद्या दुसरीतल्या मुलानं गिरवल्यासारखं दिसत होतं.

संधिवाताच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. अण्णा आत यायला तयार नसल्यामुळे बाईंसोबत मी जायचो. डॉक्टरांनी सांगितलं की हा आमवात आहे. आपलं रक्षण करणारी शरीरातली यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांवर धावून जाते.

बाई म्हणाल्या, "म्हणजे बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी केंद्राध्यक्षालाच धरलं."

डॉक्टर म्हणाल्या, साधारण तसंच.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या वर्षभर झाल्या. थोडा फरक पडला, पण सूज हटली नाही. एक्स-रेमध्ये बोटांच्या सांध्यांची झीज दिसू लागली. तेव्हा डॉक्टरांनी नव्या पद्धतीच्या इंजेक्शनांचा विषय काढला. बाईंसाठी त्यांच्या मते दोन योग्य होती. एक पेनसारखं यायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं, दर पंधरा दिवसांनी काढून घरीच मांडीवर टेकवून दाबायचं. दुसरं महिन्यातून एकदा, पण ते दवाखान्यात येऊन नर्सकडून घेतलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. दोन्हींचा गुण जवळपास सारखा, धोके जवळपास सारखे, खर्चही सारखाच जड. एकानं भागलं नाही तर पुढे बदलताही येतं. सगळं नीट समजावून त्या हसून म्हणाल्या, "आता तुम्ही ठरवा."

बाई अशा काही दचकल्या की मला वाटलं, कुठे कळ आली. खाली आल्यावर जिन्यात थांबून त्यांनी मला विचारलं, "शिंदे, त्या काय म्हणल्या? मी ठरवू?" चौतीस वर्षं त्यांना आदेश येत होते. शाळा कोणती, ड्यूटी कुठं, रुजू कधी व्हायचं, सगळं कागदावर छापून यायचं. ठरवा म्हणणारं कोणी भेटलंच नव्हतं.

ठरवायला वेळ मात्र मिळाला. अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात, कारण अंगात झोपलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो. बाईंच्या तपासणीत तसा झोपलेला निघाला. आधी महिनाभर त्याच्या गोळ्या घ्या, मग इंजेक्शन सुरू करू, आणि तोपर्यंत कोणतं ते मला कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर हेही सांगितलं की त्यापुढे लांबवू नका, झिजलेला सांधा परत भरून येत नाही.

पहिला आठवडा बाईंनी लोकांना विचारण्यात घालवला. ही चूक झाली. तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर गृहस्थ म्हणाले, दोन्ही घ्या, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. बाईंच्या बहिणीनं फोनवर सांगितलं, दोन्ही नको, मधमाशी चाववून घे. दूधवाल्याचं मत पडलं की महिन्याचं असेल तर बीजेला घ्यावं म्हणजे लक्षात राहतं. बाईंनी सगळी मतं वहीत लिहून काढली. सतरा माणसांची एकवीस मतं भरली, कारण काहींनी दुसऱ्या दिवशी बदलली होती.

आठव्या दिवशी सकाळी मीटरच्या पेटीजवळ कागद लागला. वर 'अधिसूचना' असं लिहिलेलं. इमारतीतल्या अठरा वर्षांवरील सर्व रहिवाशांना कळवण्यात येत होतं की श्रीमती विशाखा साळवे यांच्या सांध्यांसाठी इंजेक्शन निवडण्याकरिता मतदान घेण्यात येणार आहे. खाली उमेदवारी, छाननी, प्रचार, मतदान आणि मोजणी यांच्या तारखा होत्या. आचारसंहिता तत्काळ लागू झाली होती. मतदान अधिकारी म्हणून माझं नाव होतं. मला विचारलेलं नव्हतं, पण बाईंनी मला कधीच विचारलेलं नव्हतं.

मी म्हटलं, बाई, इंजेक्शन कोणतं हे लोक कसं सांगणार? बाई म्हणाल्या, "सरकार कोणतं पाहिजे ते सांगतात ना?" मी कागदावर माझ्या नावापुढे सही केली.

उमेदवारांना सही करता येत नसल्यामुळे सूचक नेमले गेले. पंधरवड्याच्या इंजेक्शनाचं नाव राबियाआपांनी सुचवलं, महिन्याच्या इंजेक्शनाचं अण्णांनी. चिन्हं बाईंनी दिली: एकाला पेन, दुसऱ्याला रिक्षा, कारण दवाखान्यात रिक्षानं जावं लागे. छाननीच्या दिवशी बाईंनी दोन्ही उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं लावली. दवाखान्यातून आणलेल्या माहितीच्या कागदांवरून त्यांनी ती स्वतः तयार केली होती. 'उमेदवाराविरुद्धच्या तक्रारी' या सदरात लिहिलं होतं: टोचलेल्या जागी लाली व खाज, सर्दी-तापासारखे संसर्ग वाढणे, जुना क्षय जागा करणे. 'उमेदवाराची कामे' या सदरात: सूज उतरवणे, झीज थांबवणे, सकाळचा आखडलेपणा घालवणे. आमच्या इमारतीनं खऱ्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आजवर कधी वाचली नव्हती. ही मात्र लोक चष्मा लावून वाचत आणि दोन्ही उमेदवारांवर अगदी सारख्या तक्रारी आहेत म्हणून मान हलवत.

प्रचार रंगला. राबियाआपांच्या सासूबाई इन्सुलिन घ्यायच्या, त्यामुळे त्या अनुभवानं बोलत. घरोघर जाऊन त्या सांगायच्या, "घर की चीज घर में होना. हर महिना दवाखाने में जा को घंटाभर बैठना कायकू?" अण्णांचा मुद्दा असा की दवाखान्यात नर्स असते, काही झालं तर बघायला माणूस असतो. मुद्दा बरोबर होता, पण सगळ्यांना ठाऊक होतं की पेन निवडून आलं आणि बाईंच्या हातानं ते दाबलं गेलं नाही, तर दाबणारा दुसरा कोण असणार. तो माणूस जिवाच्या आकांतानं प्रचार करत होता. एका संध्याकाळी त्यांनी पार्किंगमध्ये सगळ्यांना चहा पाजला. बाईंनी वरून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आचारसंहिता भंगाची नोटीस काढली. नोटीस स्वयंपाकघरातून हॉलमध्ये माझ्या हातानं बजावली गेली. अण्णांनी चोवीस तासांत खुलासा दिला: 'मी मतदारांना चहा दिला नाही. मी फक्त ठेवला होता. त्यांनी तो घेतला.' खुलासा समाधानकारक नसल्याचा शेरा मारून बाईंनी तो फाइलला लावला आणि त्या दिवशी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

मतदानाच्या तीन दिवस आधी बाईंनी दवाखान्यातून सरावाचं पेन आणलं. त्यात सुई नसते, औषध नसतं, फक्त दाबलं की खट् आवाज होतो. मतदारांना उमेदवार समजावा म्हणून पार्किंगमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. एकेकानं पेन मांडीवर टेकवलं, दाबलं, खट्. पेन्शनर गृहस्थांनी तीनदा दाबलं. सगळे खूश होते. मग कोणीतरी म्हणालं, बाई, आता तुम्ही.

बाईंनी पेन घेतलं, मांडीवर सरळ धरलं आणि अंगठा ठेवला. बटण दबलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा वर ठेवला आणि दातओठ न खाता, चेहरा अगदी स्थिर ठेवून जोर लावला. आवाज झाला नाही. बाईंनी पेन डब्यात ठेवलं, डबा मला दिला आणि म्हणाल्या, "नोंद घ्या. केंद्राध्यक्षाच्या अंगठ्याचा प्रचारात वापर करायचा नाय."

वापर कोणी केला नाही. करायची गरजच उरली नव्हती.

मतदान रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये सुरू झालं. फ्रिजच्या खोक्याचा आडोसा, पोह्याच्या डब्याची मतपेटी, ती अर्थातच आधी उलटी करून दाखवलेली. शाईऐवजी राबियाआपांनी मेंदीचा कोन दिला होता, कारण तिचा रंग आठवडाभर जात नाही. सव्वीसच्या सव्वीस मतदार आले आणि ओळखपत्रं घेऊन आले, कारण रोज दिसणाऱ्या माणसालाही बाई ओळखपत्राशिवाय आत सोडणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. बारा वाजता मोजणी झाली. रिक्षा एकोणीस, पेन सहा, बाद एक. बाद मतावर कोणीतरी चिन्हाऐवजी लिहिलं होतं, 'बाई, आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही बऱ्या व्हा.' बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि बाद मतांच्या पाकिटात टाकलं.

निकाल मोठ्यानं वाचला गेला. टाळ्या झाल्या. अण्णांच्या चेहऱ्यावरून दोन-तीन आठवड्यांचं ओझं उतरलं. बाईंनी निकालपत्रावर ती वेडीवाकडी सही केली आणि जिना चढून वर गेल्या.

दुपारी मी निकालाची फाइल द्यायला गेलो, तर त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात सरावाचं पेन. ते टेबलावर उभं धरून दोन्ही तळव्यांनी त्या त्यावर भार देत होत्या. मला बघून थांबल्या. मी विचारलं, बाई, तुम्हाला पेन पाहिजे होतं का? त्यांनी होकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, "शिंदे, जिथं ड्यूटी लागली तिथं गेले मी. लेकरू तीन महिन्यांचं होतं तरी गेले. आता निदान ही सुई तरी माझ्या घरी यावी, माझ्या येळंला, एवढंच वाटलं."

मी म्हटलं, मग डॉक्टरांना तसं सांगा. हे काय कायद्याचं मतदान आहे का?

"निकाल लागलाय," बाई म्हणाल्या. "सव्वीस माणसं रांगंत उभी राहिली. ती काय येडी हायत? आणि मी अधिकारी हाय. माझ्या मनासारखा नाय लागला म्हणून फाडून टाकू?"

त्या खरंच ऐकणार नव्हत्या. चौतीस वर्षं त्यांना न आवडणारे निकाल त्यांनी सीलबंद करून पोचवले होते. हाही पोचवणार होत्या. गुरुवारी दवाखान्यात जायचं होतं आणि त्याच्या दोन दिवस आधी फोन करून औषध मागवायला सांगायचं होतं. मी फाइल ठेवून निघालो. स्वयंपाकघराच्या दारात अण्णा भाजीची पिशवी हातात घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

सोमवारी सकाळी आठ वाजता बाईंच्या दारावरची बेल वाजली. मी जिना उतरत होतो म्हणून मला दिसलं. अण्णा बाहेर उभे होते, स्वतःच्याच घराची बेल वाजवून. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात कागद. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "हरकत हाय. लेखी हाय."

कागदावर वर्कशॉपमधल्या कामाच्या पाटीवर असतं तसं मोठं अक्षर होतं: 'मा. निवडणूक अधिकारी यांना. विषय: निकालास हरकत. मी यादी क्रमांक एक ते सव्वीस तपासली. ज्या बाईला सुई टोचायची तिचं नाव यादीत सापडलं नाही. तरी मतदान रद्द करावं. अर्जदार: रिक्षाचा विजयी प्रतिनिधी.'

बाईंनी तो दोनदा वाचला. मग मला म्हणाल्या, "शिंदे, यादी आणा." मी यादी आणली. त्यांनी बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सव्वीस नावं बघितली. आपण अधिकारी आहोत, अधिकाऱ्यानं तटस्थ राहावं, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बाई दारातच उभ्या राहिल्या. अण्णा घाम पुसत होते. ते ज्या बाजूनं जिंकले होते ती बाजू ते स्वतःच्या हातानं पाडत होते आणि त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"हरकत मान्य," बाई म्हणाल्या.

फेरमतदान त्याच दिवशी दहाला झालं. यादीत एकच नाव. मी म्हटलं, आता आडोसा कशाला? पण बाईंनी खोकं परत उभं करायला लावलं. ओळखपत्र दाखवलं. मी त्यांच्या सुजलेल्या तर्जनीवर मेंदीचा ठिपका लावला. त्या आत गेल्या आणि अकरा मिनिटं बाहेर आल्या नाहीत. राबियाआपा, अण्णा आणि मी तिघंही उभे. बाहेर आल्यावर त्यांनी डबा उघडायला सांगितलं. मी एकुलती एक मतपत्रिका काढून मोठ्यानं वाचली. पेन एक, रिक्षा शून्य.

"बाद?" बाईंनी विचारलं.

एकही नाही, मी म्हटलं.

अण्णा हळूच म्हणाले, "पण तुझा अंगठा?"

"मत माझं," बाई म्हणाल्या. "अंगठा तुमचा."

अण्णा शेजारच्या स्कूटरवर बसले.

गुरुवारी बाईंनी निकालपत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि पोच मागितली. डॉक्टरांनी पहिला निकाल वाचला, हरकतीचा अर्ज वाचला, दुसरा निकाल वाचला. मग पेन काढून कोपऱ्यात 'मिळाले' लिहून सही केली. पहिलं इंजेक्शन तिथंच नर्सनं शिकवत दिलं. अण्णा पहिल्यांदाच आत आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी सगळं ऐकलं.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी सरावाच्या पेनानं एका दुधी भोपळ्यावर तालीम केली. दुधी मांडीवर घेऊन बसायचे, पुसून घ्यायचे, पेन काटकोनात टेकवायचे. दिवस आला. बाईंनी पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. अण्णांनी डोळे उघडे ठेवून दाबलं, खट् झालं, बाईंनी शांतपणे दहापर्यंत आकडे मोजले, अण्णांनी पेन उचललं, बाजूला ठेवलं आणि पलंगावर आडवे झाले. ते चक्कर येऊन पडले आहेत हे आम्हाला जरा उशिरा कळलं. बाईंनी स्वतःच्या हातानं मांडीवर कापूस धरला, दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं. वहीत लिहिलं, 'प्रक्रिया शांततेत पार पडली.'

तिसऱ्या महिन्यात सकाळचा आखडलेपणा कमी झाला. सर्दी-ताप आला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेन निघत नसे. अशा वेळी बाई मीटरच्या पेटीजवळ 'मतदान स्थगित' असा कागद लावत आणि इमारत तब्येतीची चौकशी करायला येई. वाकडं झालेलं एक बोट वाकडंच राहिलं. पण पाचव्या महिन्यात बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःच पेन दाबलं. आवाज बाहेर ऐकू आला. अण्णा मात्र रुसले. एवढा सराव केला, एवढं धाडस केलं आणि न विचारता कामावरून काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ते लेखी दिलं. बाईंनी अर्ज मंजूर केला आणि तेव्हापासून एक पंधरवडा त्या, एक पंधरवडा अण्णा, अशी पाळी लागली.

याच सुमारास डॉक्टरांनी बाईंना विनंती केली. खुलताबादकडची नफीसा नावाची एक तरुण शिक्षिका त्यांच्याकडे येत होती. तोच आजार, समोर तीच दोन इंजेक्शनं, आणि तीन महिने झाले तरी निर्णय होत नव्हता. तिच्याशी जरा बोला. मला वाटलं, बाई आता अधिसूचना काढतील. पण बाईंनी तिला घरी बोलावलं, चहा दिला आणि तासभर नुसतं विचारत राहिल्या. शाळा किती लांब, घरी कोण असतं, सुईची भीती कोणाला, सकाळी किती वाजता बोटं मोकळी होतात. मुलगी बोलत गेली, मध्ये थोडी रडली, परत बोलली. उठताना तिनं विचारलं, "बाई, तुम्ही कोणतं घेतलं?"

बाई म्हणाल्या, "मत गुप्त असतं, बाळा."

मी दारातून खाली बघितलं. फेरमतदानाचा निकाल अजून मीटरच्या पेटीजवळ लावलेला होता, आणि मुलगी त्याच्याच शेजारून जिना चढून आली होती.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. हृदयाचा झटका आला, सकाळी, अंथरुणातच. बुद्धवंदनेला इमारत लोटली होती. नफीसाही आली होती. तिचे हात बरे दिसत होते. गर्दी ओसरल्यावर ती अण्णांजवळ बसली आणि म्हणाली, शेवटपर्यंत त्यांनी मला सांगितलं नाही, कोणतं घेत होत्या ते. आता तरी सांगा.

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं, जो त्यांनी चार वर्षं, दर दुसऱ्या पंधरवड्याला, त्या पेनावर दाबला होता.

"मला बी नाय सांगितलं," ते म्हणाले.